‘ऑल्दो’च्या मागे ‘बट’ पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो कसा घालवायचा

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू द मार्केट.’

या वाक्यातला ‘बट’ मी किती वेळा खोडलाय याचा हिशोब नाही. माझ्या संध्याकाळच्या वर्गात बारावीची मुलं असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात आणि ऑफिसात इंग्रजी मेल लिहावे लागतात म्हणून आलेले चाळिशीचे लोकही असतात. तिघांच्याही वहीत हा ‘बट’ सापडतो. गंमत म्हणजे नियम सगळ्यांना पाठ आहे. ‘ऑल्दो असेल तर?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, ‘बट नाही!’ आणि पुढच्या आठवड्यात वही उघडली की हा पाहुणा परत दारात.

म्हणजे नियम पुन्हा सांगून हे दुखणं जाणार नाही. मूळ वेगळीकडे आहे.

एक सूचना आधीच. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा. या चुका डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात.

बिघाड कुठे आहे

मराठीत अशी वाक्यं जोडीने चालतात. जरी–तरी. जेव्हा–तेव्हा. जिथे–तिथे. जसा–तसा. जो–तो. ज्याअर्थी–त्याअर्थी. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. संस्कृतातही ‘यद्यपि’ आलं की ‘तथापि’ येतंच, म्हणजे ही सवय आपल्या भाषेच्या हाडात हजारो वर्षं मुरलेली आहे.

आता या जोडीतलं खरं वजन कोणाकडे आहे ते बघा. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.’ यातला ‘जरी’ काढा: ‘पाऊस होता तरी आम्ही गेलो.’ वाक्य धडधाकट आहे, उलट जास्त सहज झालं. आता ‘जरी’ ठेवून ‘तरी’ काढा: ‘जरी पाऊस होता, आम्ही गेलो.’ वाक्य लंगडं झालं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, या म्हणीतही ‘जरी’ नाहीच, सगळा भार एकट्या ‘तरी’वर आहे.

इंग्रजीत नेमकं उलटं. तिथे भार पहिल्या टोकावर असतो. ‘ऑल्दो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, आता काहीतरी अनपेक्षित येणार. दुसऱ्या टोकाला ओ द्यायची गरज नसते. पण मराठी कान तिथे ‘तरी’ची वाट बघत असतो. तो आला नाही की वाक्य अर्धवट वाटतं आणि हात आपोआप जवळचा शब्द उचलतो. तो शब्द ‘बट’.

हेच कारण आहे याची खूण सांगते. जो ‘ऑल्दो–बट’ लिहितो तोच बहुधा ‘व्हेन ही केम, दॅट टाइम आय वॉज स्लीपिंग’ असंही लिहितो. आणि ‘ॲज इट वॉज रेनिंग, सो वी डिड नॉट गो’ असंही. जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. चुका तीन दिसतात, बिघाड एकच. हिंदी बोलणारे ‘हालाँकि–लेकिन’मुळे याच खड्ड्यात पडतात आणि चिनी बोलणारे ‘सुइरान–दान्शी’ या त्यांच्या जोडीमुळे. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

दुरुस्ती

‘बट खोडा’ असं मी सांगणं बंद केलंय. खोडल्यावर तिथे जी पोकळी वाटते ती तशीच राहते, आणि पोकळी राहिली की पाहुणा परत येतो. त्याऐवजी दोन गोष्टी करून बघा.

पहिली: वाक्य उलटं लिहा. ‘वी वेंट टू द मार्केट ऑल्दो इट वॉज रेनिंग.’ ‘गेलो बाजारात, पाऊस होता तरी’ असं आपण बोलतोच की. या क्रमात दुसरं टोक उरतच नाही, त्यामुळे ‘बट’ला बसायला जागा नाही. दोन-तीन आठवडे सगळी वाक्यं याच क्रमाने लिहा. कानाला ‘ऑल्दो’ एकटा ऐकायची सवय लागली की मग तो पुढे आणा.

दुसरी: ‘तरी’वाचून अगदीच करमत नसेल, तर ‘बट’ऐवजी ‘स्टिल’ घ्या आणि तो क्रियापदाला खेटून ठेवा. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी स्टिल वेंट.’ हे शुद्ध आहे. ‘स्टिल’ हे क्रियाविशेषण आहे, ते वाक्यं जोडत नाही, म्हणून त्याचं ‘ऑल्दो’शी भांडण नाही. ‘बट’ मात्र स्वतःच जोडणारा आहे. एका कडीला दोन कुलपं कशाला?

इथे एखादा हुशार विद्यार्थी हमखास हात वर करतो: ‘मॅडम, आमच्या जुन्या व्याकरणात दो–येट अशी जोडी आहे.’ आहे, बरोबर आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात ईयोबाच्या पुस्तकात ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’ असं वाक्य आहे. म्हणजे इंग्रजीतही कधीकाळी ही जोडी रुळलेली होती, आणि ‘येट’ आजही चूक धरत नाहीत. फक्त आजच्या मेलमध्ये तो जुन्या पोथीसारखा वाटतो. आणि ‘दो’च्या जोडीला ‘येट’ चालतो म्हणून ‘बट’ चालेल, असं नाही.

शेपूट बघा: ऑल्दो की डिस्पाइट?

दुसरी तक्रार. ‘डिस्पाइट ही वॉज इल, ही केम.’ ‘इन स्पाइट ऑफ ही वर्क्ड हार्ड, ही फेल्ड.’ इथे पुस्तकं सांगतात की डिस्पाइटनंतर नाम येतं आणि ऑल्दोनंतर उपवाक्य. लिहिताना उपवाक्य म्हणजे काय हे आठवत बसायला कोणाला वेळ आहे?

त्यापेक्षा मनात आलेल्या मराठी वाक्याचं शेपूट बघा. मराठीने हा फरक आधीच करून ठेवलाय.

‘तो आजारी होता तरी आला.’ शेपटाला ‘होता तरी’. क्रियापद पूर्ण आहे, काळ दाखवतंय. इथे ऑल्दो: ‘ऑल्दो ही वॉज इल, ही केम.’

‘तो आजारी असूनही आला.’ शेपटाला ‘असूनही’. क्रियापद आखडून बसलंय, काळ दाखवत नाही. इथे डिस्पाइट: ‘डिस्पाइट बीइंग इल, ही केम.’ किंवा नुसतं नाम घ्या, ‘डिस्पाइट हिज इलनेस’.

करूनही, जाऊनही, सांगूनही, नसतानाही अशी शेपटं दिसली की डिस्पाइट आणि क्रियापदाला ‘इंग’. ‘पैसे नसतानाही त्याने दुकान टाकलं’: ‘डिस्पाइट हॅविंग नो मनी, ही ओपन्ड अ शॉप.’ आला तरी, केलं तरी, होती तरी अशी शेपटं दिसली की ऑल्दो. वर्गात हे सांगितल्यावर एक काका म्हणाले, ‘हे तर आम्हाला आधीपासूनच येत होतं!’ येतच होतं. फक्त कुणी दाखवलं नव्हतं.

पण या युक्तीत एक खाच आहे आणि तिच्यात मी स्वतः पडले आहे. ‘खूप अभ्यास करूनही पेपर अवघड गेला.’ मराठीत अगदी सरळ वाक्य. शेपटाचा नियम लावला: ‘डिस्पाइट स्टडीइंग हार्ड, द पेपर वॉज डिफिकल्ट.’ आता हे इंग्रजी कानाने ऐका. अभ्यास कोणी केला? पेपरने! इंग्रजीत ‘इंग’वाल्या तुकड्याचा कर्ता पुढच्या वाक्यातला कर्ताच धरतात. मराठीत तसं बंधन नाही. ‘एवढा पाऊस पडूनही धरण भरलं नाही’ असं आपण बिनधास्त म्हणतो. पडला पाऊस, भरायचं होतं धरण, दोन वेगळे कर्ते, कोणाची तक्रार नाही. तेव्हा ‘ऊनही’ दिसल्यावर एक प्रश्न विचारायचा: दोन्ही कामं एकाचीच आहेत का? एकाचीच असतील तर ‘इंग’. वेगवेगळी असतील तर नाम घ्या, ‘डिस्पाइट सो मच रेन, द डॅम डिड नॉट फिल’, किंवा सरळ ऑल्दोकडे वळा, ‘ऑल्दो आय हॅड स्टडीड हार्ड, आय फाउंड द पेपर डिफिकल्ट’.

‘डिस्पाइट ऑफ’ हा किरकोळ आजार आहे. ‘इन स्पाइट ऑफ’मधला ‘ऑफ’ इकडे उडी मारतो, एवढंच. डिस्पाइट एकटा राहतो. आणि ‘इन स्पाइट ऑफ’ हे तीन शब्द आहेत. पहिले दोन चिकटवून ‘इनस्पाइट’ लिहिलेलं मी छापील प्रश्नपत्रिकेतही पाहिलंय. ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ लावून उपवाक्य घुसवता येतं, ते शुद्धही आहे, पण चार शब्दांचं काम एका ‘ऑल्दो’ने होत असताना ते म्हणजे शेजारच्या घरी जायला रिक्षा करणं.

‘तरी’चा खरा धोका: इव्हन इफ की इव्हन दो

वरच्या चुका व्याकरणाच्या आहेत, समोरच्याला अर्थ तरी कळतो. ही चूक अर्थच बदलते, म्हणून इथे जरा थांबते.

‘पाऊस आला तरी आम्ही गेलो.’ ‘पाऊस आला तरी आम्ही जाऊ.’

दोन्हीकडे ‘आला तरी’. पहिल्यात पाऊस खरोखर आला होता. दुसऱ्यात अजून आलेला नाही, येईल किंवा न येईल. मराठी हा फरक शेवटच्या क्रियापदावर सोडून देते. इंग्रजी मात्र पहिल्याच शब्दात विचारते: घडलंय की नुसतं धरून चालला आहात? घडलं असेल तर ‘इव्हन दो’, धरून चालत असाल तर ‘इव्हन इफ’.

एका विद्यार्थ्याने फी भरली होती, पण यादीत नाव नव्हतं. त्याने तक्रारीचा मेल लिहून मला दाखवला: ‘इव्हन इफ आय हॅव पेड द फी, माय नेम इज नॉट ऑन द लिस्ट.’ त्याच्या मनात होतं ‘फी भरली तरी नाव नाही’. वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं ‘मी फी भरली असली तरीसुद्धा’, म्हणजे भरली की नाही हे याचं यालाच नक्की नाही. ज्या वाक्यावर तक्रार उभी आहे, तेच वाक्य डळमळीत. ‘इव्हन दो आय हॅव पेड द फी’ केलं आणि मेल ताठ उभा राहिला.

तपासायचं कसं? मराठी वाक्यात ‘समजा’ घालून बघा. ‘समजा पाऊस आला तरी आम्ही जाऊ’: बसतंय, म्हणून इव्हन इफ. ‘समजा फी भरली तरी नाव नाही’: हे तर त्याला म्हणायचंच नव्हतं. तिथे ‘खरंच’ बसतं. ‘समजा’ला इफ, ‘खरंच’ला दो.

इव्हन इफ वापरताना आणखी एक काटा. मराठीत ‘आला’ हे रूप भूतकाळाचं दिसतं, म्हणून काही जण ‘इव्हन इफ इट रेन्ड, वी विल गो’ लिहितात. अर्थ भविष्याचा आहे म्हणून दुसरे ‘इव्हन इफ इट विल रेन’ लिहितात. दोन्ही नको. ‘इव्हन इफ इट रेन्स, वी विल गो.’ साधा वर्तमानकाळ.

आणि नुसतं ‘इव्हन’ म्हणजे जरी नव्हे. ‘इव्हन ही इज रिच, ही इज नॉट हॅपी’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. इव्हन म्हणजे ‘सुद्धा’. ते वाक्य इंग्रजाला ‘तोसुद्धा श्रीमंत आहे’ असं ऐकू येतं आणि पुढे काय चाललंय ते कळत नाही. ‘तरीसुद्धा’चं शब्दशः केलेलं ‘इव्हन देन ऑल्सो’ हेही त्याच घरातलं. त्यातला ‘ऑल्सो’ निदान काढून टाका.

कोणत्या तुकड्याला ‘ऑल्दो’ लावायचा

बोर्डाच्या परीक्षेत ‘बट’चं वाक्य ‘ऑल्दो’ वापरून लिहा असा प्रश्न येतो. मुलं सूत्र पाठ करतात: बट काढा, ऑल्दो पुढे लावा. सूत्र बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे माहीत नसल्यामुळे स्वतःचं वाक्य लिहिताना घोळ होतो.

डोंबिवलीतला एखादा एजंट तुम्हाला म्हणाला, ‘फ्लॅट लहान आहे, पण स्टेशनजवळ आहे’, तर तो तुम्हाला घर विकतोय. घरी येऊन बायको म्हणाली, ‘स्टेशनजवळ आहे, पण लहान आहे’, तर विषय संपला. माहिती तीच. ‘पण’च्या पुढे जे येतं त्याचा विजय होतो. इंग्रजीत ‘बट’चंही तेच. ‘ऑल्दो’मध्ये हरणाऱ्या तुकड्याला ‘ऑल्दो’ लागतो आणि जिंकणारा मोकळा राहतो. ‘ऑल्दो द फ्लॅट इज स्मॉल, इट इज निअर द स्टेशन’ हे एजंटचं. ‘ऑल्दो इट इज निअर द स्टेशन, द फ्लॅट इज स्मॉल’ हे बायकोचं. नोकरीच्या अर्जात ‘ऑल्दो आय ॲम अ क्विक लर्नर, आय हॅव नो एक्सपीरियन्स’ असं लिहिणाऱ्या मुलीला मी फक्त तुकड्यांची अदलाबदल करायला लावली. एकही नवा शब्द नाही.

हाउएव्हर आणि स्वल्पविराम

‘इट वॉज लेट, हाउएव्हर वी वेटेड.’ हे मराठी ‘उशीर झाला होता, मात्र आम्ही थांबलो’चं थेट रूप. मराठीत स्वल्पविराम फार सोशिक आहे, काहीही जोडतो. इंग्रजीत ‘हाउएव्हर’ हा जोडणारा शब्द नाही, आणि नुसत्या स्वल्पविरामाला दोन पूर्ण वाक्यं पेलत नाहीत. पूर्णविराम द्या: ‘इट वॉज लेट. हाउएव्हर, वी वेटेड.’ किंवा अर्धविराम. तो आपल्या शाळेत शिकवतात आणि नंतर कोणी वापरत नाही, त्याला इथे काम आहे.

‘हाउएव्हर’ म्हणजे ‘मात्र’ हे लक्षात ठेवलं तर आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. ‘मात्र’ वाक्यात फिरतो: ‘मात्र ती थांबली’, ‘ती मात्र थांबली’. ‘हाउएव्हर’ही फिरतो: ‘शी, हाउएव्हर, वेटेड.’ ‘बट’ असा फिरू शकत नाही. फिरतो तो जोडणारा नव्हे, एवढी खूण पुरे. फक्त ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड’ यातला ‘हाउएव्हर’ निराळा; तो ‘कितीही’, आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम नाही.

‘नेव्हरदलेस’ही याच जातीचा, विरामचिन्हं तीच. पण कामाच्या साध्या मेलमध्ये तो म्हणजे भाजी आणायला शालू नेसून जाणं. परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना हा मोह जास्त होतो. तिथे लेखनाच्या चार निकषांपैकी एक सुसंगती आणि जोडणीचा आहे हे खरं, पण दर वाक्याला जोडशब्द डकवणं तिथेही दोषच धरतात.

उलट, याउलट, दुसरीकडे

‘ऑन द कॉन्ट्ररी’ हा शब्द आपल्याकडे नको तिथे वापरला जातो, कारण वर्तमानपत्री मराठीत ‘याउलट’ सगळीकडे चालतो. ‘महाबळेश्वरात धो धो पाऊस पडतो, याउलट माणमध्ये दुष्काळ’ इथे कोणी कोणाचं म्हणणं खोडत नाही, नुसती तुलना आहे. त्याला ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा मधे ‘व्हेअरॲज’. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ तेव्हाच, जेव्हा आधीचं म्हणणं खोडायचं असतं: ‘ही इज नॉट लेझी. ऑन द कॉन्ट्ररी, ही वर्क्स टिल मिडनाइट.’ ‘छे, उलट’ असं म्हणता आलं तर तो शब्द बरोबर. ‘व्हाइल’नेही तुलना होते, पण त्याचा ‘असताना’ असाही अर्थ असल्यामुळे शंका आली की ‘व्हेअरॲज’ घ्यावा.

शेवटी लटकणारा ‘पण’

‘जेवण छान होतं. महाग होतं पण.’ बोलताना आपण ‘पण’ असा शेवटी सोडतो. मुंबई-पुण्याची पोरं तेच इंग्रजीत करतात: ‘फूड वॉज नाइस. कॉस्टली बट.’ मित्रांत चालून जातं. इतरांना वाटतं वाक्य अजून बाकी आहे, आणि ते तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. या शेवटच्या जागेसाठी इंग्रजीत शब्द आहे, ‘दो’: ‘इट वॉज कॉस्टली, दो.’ ‘ऑल्दो’ या जागी बसत नाही. दोघं एरवी सख्खे भाऊ, पण ही खुर्ची धाकट्याचीच.

आणि ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हे इंग्रजीत करायला दिलं, तेव्हा वर्गातल्या निम्म्या जणांनी ऑल्दो लावला, दोघांनी डिस्पाइट, एकाने व्हेअरॲज. म्हणीत मुळात जोडशब्दच नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘हर नेम इज गोल्ड. हर बँगल इज टिन.’ मी लाल पेन खाली ठेवलं.